सातव्या पट्टीची खरखर

"अगं, याच्या पात्यांना पुन्हा खोबरेल लावलंस? गिटारीच्या तारा तेलकट होतात ना!"

"मग गंजू द्यायचं होतं? दिवसभर तर त्यालाच घेऊन बसता."

मित्रांनो, ज्याच्यावरून ज्योतीराम बायकोवर, विजयश्रीवर कुरकुरत होता, तो मी एक जुना फीलर गेज आहे. कागदासारख्या पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. दोन वस्तूंमधली फट मोजणे, एवढेच माझे काम.

चाकणच्या एका कारखान्यात, पत्रे दाबून घडवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, एकोणीस वर्षे मी त्याच्या खिशात राहिलो. "ज्योतीरामचं माप म्हणजे माप," असे साहेब म्हणत. खंडेनवमीला मला झेंडूचे फूल मिळे. त्याच खिशात कानात घालायचे बोळे असत, नवेकोरे. ते घातले की मशीनचे दुखणे कळत नाही, असे तो म्हणायचा. तुमच्या घरचे कोणी अशा धडधडाटात कामाला जात असेल, तर त्याचा खिसा तपासा. बोळे तिथे सापडले, तर खुशाल भांडा.

पुढे रोबोट आले आणि आम्ही दोघे संत तुकाराम नगरच्या घरी आलो. ज्योतीराम गिटारी दुरुस्त करू लागला. गिटार बनवणाऱ्या कंपनीचे प्रमाणपत्र मिळाले, तर चिंचवडच्या दुकानात कायमचे काम होते. दोनदा तो नापास झाला. तिसरी संधी शेवटची.

तारेखालची फट मी अचूक सांगे. पण तार गिटारीच्या गळ्यावरच्या एखाद्या धातूच्या पट्टीला घासून खरखरते, ती खरखर मोजणारे पाते माझ्यात नाही. ती कानालाच कळते. ती दातांतून तरी कळावी म्हणून ज्योतीराम गिटारीचे लाकूड दातांत धरून तार छेडायचा, पुन्हा पुन्हा, हिरड्या दुखेपर्यंत. घरचे टीव्हीचा आवाज वाढवून द्यायचे आणि दुसरेच काहीतरी बोलायचे.

परीक्षा फोनवर होती. कंपनीने मुद्दाम बिघडवलेली गिटार पाठवली होती. फोनचा आवाज पूर्ण वाढवून विजयश्री फोनच्या मागे, त्याच्यासमोर उभी राहिली.

"खरखर कुठं येतेय?" परीक्षक बाईंनी विचारले.

ज्योतीरामने एकेक पट्टी दाबत तार छेडली. विजयश्रीने सात बोटे वर केली.

"सातवी पट्टी."

"अगदी बरोबर! कान फार तयार आहे हो तुमचा."

मी त्याच्या मुठीत होतो. मूठ एवढी आवळली, की माझी कड त्याच्या तळव्यात रुतली. समोर विजयश्री मानेनेच नको, नको म्हणत होती.

"मॅडम," ज्योतीराम म्हणाला, "मी बहिरा झालोय. सातवी पट्टी बायकोनं दाखवली."