चष्म्याच्या दुकानातली उतरती फळी

मी एक जुनी उतरती फळी आहे. मित्रांनो, मला लोक रॅम्प म्हणतात. एकोणीसशे एक्याण्णव साली माझा जन्म झाला. तेव्हा माझा जो गोंधळ उडाला, तो अजून पुरता निस्तरलेला नाही.

चष्म्याच्या एका दुकानाला तीन पायऱ्या होत्या. चाकाच्या खुर्चीतून एकट्याच फिरणाऱ्या एक निवृत्त बाई तिथे यायच्या. काका, म्हणजे दुकानाचे मालक, काचेच्या दारातून त्यांना पाहायचे आणि चार फ्रेमा नि हातातला आरसा घेऊन खाली धावायचे.

एकदा बाई म्हणाल्या, "काका, दरवेळी तुम्ही निवडलेल्या चारच का? मला सगळ्या बघायच्यात. आतल्या मोठ्या आरशात."

काकांच्या मनाला ते लागलं. त्यांनी सुतारमामांना बोलावून मला करून घेतलं. मामांनी मला चांगलं लांब केलं, वर रबराच्या पट्ट्या ठोकल्या. रस्ता अडू नये म्हणून मला आत दारापाशी उभं करायचं ठरलं. दाराशेजारी एक बेल बसवली आणि पाटी लावली : 'रॅम्पसाठी बेल दाबा.' येणारा-जाणारा काकांचं कौतुक करायचा. मी तर हरखूनच गेले होते.

पण बेल काही वाजेना!

काकांना भरवसा असा, की गरज पडली तर बेल वाजेलच. त्यांनी बाहेर बघणंच सोडून दिलं. मला मात्र काचेतून सगळं दिसायचं. बाई यायच्या. दोरा बांधलेला जुना चष्मा सावरत बेलकडे बघायच्या. मी त्यांच्याकडे बघायची. थोड्या वेळाने त्या निघून जायच्या. मला काही उमजेना. रागावल्या असतील का? की मीच त्यांना आवडले नाही?

हळूहळू माझ्यावर छत्र्या टेकू लागल्या, मग खोकी. मी टेबल आहे की भिंत, हेच मला कळेनासं झालं. शेवटी काका म्हणाले, "कुणी फिरकत नाही. मामांना सांगतो, हिची कपाटं करा."

मामा करवत घेऊन आले, ते पायऱ्यांपाशीच थबकले. खाली बाई होत्या.

"बाई, उन्हात का? बेल दाबा की!"

"तिसऱ्यांदा येतेय, मामा. हाका मारल्या तर दार बंद. बेल दाबायला तीन पायऱ्या चढायला हव्यात. तेवढं जमलं असतं तर बेल कशाला लागली असती?"

मामांनी पायऱ्यांकडे पाहिलं, बेलकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो काका, बाहेर या! आपण दोघांनी मिळून अक्कल गहाण टाकली की हो!"

काका ओशाळले. "बाई, एका शब्दाने विचारायला हवं होतं तुम्हाला."

"मग आता विचारा," बाई म्हणाल्या, "आणि तोवर ती फळी टाका."

मला खाली घातलं. खुर्चीची चाकं माझ्यावरून वर गेली. मी करकरले. म्हणजे मी टेबल नव्हते तर! बाईंनी तासभर दुकान डोक्यावर घेतलं आणि सगळ्यात लाल फ्रेम उचलली.

"या वयात लाल?" काका म्हणाले.

"चार फ्रेमांत ती कधी आलीच नव्हती ना!"

ती लाल फ्रेम बाईंनी अखेरपर्यंत वापरली. मामांनी पुढे अनेक दुकानांच्या फळ्या केल्या. पण आधी गिऱ्हाइकाला विचारून. आता ते थकलेत, लेकीकडे असतात. काका गेले. त्यांच्या सुनेने पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा पक्का उतार बांधून घेतला, तोही खुर्चीवरल्या दोघा-तिघांना आधी चढवून, उतरवून पाहून. मी आता दुकानाच्या बाजूच्या खोलीत पडून असते. त्याचं दुःख नाही.

पण खिडकीतून दिसतं, की त्या उताराच्या तोंडाशी लोक स्कूटर लावून जातात. पाच मिनिटांसाठी, म्हणतात. चांगली शिकलेली माणसं असं का करतात, हे काही केल्या मला कळत नाही. मित्रांनो, तुम्हाला कळलं तर मला सांगा. आणि तोवर तुमची स्कूटर जरा पलीकडे लावा.