हुंग काकांची उसनी दुःखं

तैवानच्या ताइनान शहरातल्या एका समुपदेशन शिकवणाऱ्या संस्थेचं कार्यालय मी अकरा वर्षं सांभाळतेय. संस्था दोघींची, ग्वो रुईफांग आणि येन शूवेन. पूर्वी दोघी एकाच इस्पितळात होत्या. शूवेनबाईंनी रुईफांगबाईंच्या मागे लागून लागून त्यांना नोकरी सोडायला लावली आणि दोघींनी दाताच्या दवाखान्यावरच्या तीन खोल्या घेतल्या. त्याला आता चौदा वर्षं झाली.

विद्यार्थ्यांना सराव लागतो. म्हणून बाहेरची माणसं बोलावतो. त्यांनी आपली अडचण सांगायची, विद्यार्थ्याने पन्नास मिनिटं ऐकायची. परवानगी घेऊन सगळं ध्वनिमुद्रित होतं आणि नंतर मी ते शब्दन् शब्द टाइप करते, खोकल्यासकट. त्या कागदांवरून बाई विद्यार्थ्यांना शिकवतात.

हुंग काका महिन्यातून एका शनिवारी यायचे, शूवेनबाईंच्या सुट्टीच्या दिवशी. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात पुदिन्याच्या गोळ्या. येताना मलाही एक द्यायचे. टाइप करता करता एकदा माझ्या लक्षात आलं की मार्चमध्ये हे गृहस्थ विधुर होते. एप्रिलमध्ये त्यांची बायको त्यांच्याशी बोलत नव्हती. मे महिन्यात मुलगा जपानला निघून गेला होता आणि जूनमध्ये त्यांना मूलच नव्हतं.

मी कागद घेऊन रुईफांगबाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, हा माणूस थापा मारतोय. नाव काढून टाकू का यादीतून?"

त्यांनी चारही कागद शेजारी शेजारी मांडले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचे डोळे चमकले. "आ-चू, थापा मारणारा माणूस स्वतःला बरा दाखवतो गं. हे बघ, चारही वेळा चूक याचीच. कोण असेल हा?"

"विचारा की त्यांनाच."

"थांब जरा. पुढच्या वेळी काय सांगतो बघू."

पुढच्या वेळी ऐकायला पेइहान नावाची मुलगी होती. मी कानाला हेडफोन लावून टाइप करायला बसले. हुंग काका सांगत होते: "मी आणि माझी मैत्रीण शिवणकाम शिकवतो. चौदा वर्षं झाली. दोन वर्षांपासून माणूस समोर बसतो, बोलतो, मी मान हलवते आणि मला काही ऐकूच येत नाही. मी त्याच्या मागच्या भिंतीवरच्या फरश्या मोजत असते. मैत्रिणीला कसं सांगू? तिची चांगली नोकरी मीच सोडायला लावली."

हलवते. असते. बोलण्याच्या भरात काका बाईमाणसासारखं बोलून गेले होते. माझी बोटं थांबली. शिवणकाम शिकवणारीला समोरच्याचं एवढं ऐकावं कशाला लागतं? आणि आमच्या मधल्या खोलीत, शूवेनबाई बसतात त्यांच्या समोरच्या भिंतीवर, निळ्या फरश्या आहेत.

रुईफांगबाईंनी ते तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "उद्या रविवार. काका कुठे राहतात, पत्ता आहे ना?"

पत्ता देवळाचा निघाला. कालव्याजवळचं समुद्रदेवीचं लहानसं देऊळ. आत गर्दी होती, उदबत्त्यांनी डोळे चुरचुरत होते. लोक बांबूच्या काड्या खुळखुळवून कौल लावत होते, नंबराची चिठ्ठी घेत होते आणि कोपऱ्यातल्या टेबलापाशी रांगेत उभे राहत होते. चिठ्ठीवरच्या जुन्या ओळींचा अर्थ सांगायला टेबलामागे हुंग काका बसले होते.

आम्हाला बघून ते गडबडले नाहीत. रांगेला म्हणाले, "दहा मिनिटं, चहा घेऊन येतो," आणि आम्हाला मागच्या ओट्यावर घेऊन गेले.

"सापडलो म्हणायचं," ते म्हणाले.

"काका, आमच्या फॉर्मवर 'स्वतःची अडचण' असं लिहिलंय," मी म्हटलं.

"वाचलं होतं. पण बाई, दुःख खरंच होतं. फक्त माझं नव्हतं." त्यांनी चहा ओतला. "चाळीस वर्षं मी या टेबलावर आहे. शंभर चिठ्ठ्या, शंभर अर्थ, सगळे पाठ. गेल्या वर्षी एकाला 'धीर धर' अशी चिठ्ठी निघाली. मी म्हटलं, धीर धर. त्याने धरला. घरचा मार खात धीर धरून बसला, थेट इस्पितळात जाईपर्यंत. तेव्हापासून माझी जीभ अडखळते. तुमची जाहिरात दिसली, म्हटलं ही शिकलेली माणसं काय सांगतात ते तरी ऐकू."

"मग? काय सांगितलं आम्ही?" रुईफांगबाई पुढे झुकल्या होत्या.

"काही नाही! नुसते प्रश्न. पहिल्या दिवशी मी वैतागून घरी गेलो. मग इथे एका बाईला सहज तसाच प्रश्न विचारून पाहिला. ती तासभर बोलली. आता माझी रांग पुढे सरकत नाही म्हणून देवस्थानचे लोक कुरकुरतात."

"काका, ही शिवणकामवाली..." रुईफांगबाईंनी सुरुवात केली आणि ओठ मिटले.

"नाव मी विचारत नाही," हुंग काका म्हणाले. "आणि तुमच्याकडे आणलंही नाही."

"नाव लागतंच असं नाही, काका. कहाणीवरूनही माणूस ओळखू येतो."

काकांचा पेला हातातच राहिला. एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अरे देवा. हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

परतताना मी विचारलं, "आता काय करणार?"

"काय करू, सांग ना! न बोलावं तर रोज नाटक करावं लागेल. बोलावं तर तिने न सांगितलेलं मी ऐकलंय." नेहमी दुसऱ्यांना शांत करणाऱ्या बाई रस्त्यावर उभ्या राहून हे ओरडूनच बोलल्या.

सोमवारी सकाळी त्या शूवेनबाईंच्या खोलीत गेल्या. दार उघडंच राहिलं होतं, मी बाहेर फायली लावत होते.

"शूवेन, माझ्या कानावर एक गोष्ट चुकून आलीय. ती तुझी असेल किंवा नसेलही. नको असेल तर काही सांगू नकोस. पण मला माहीत नाही असं सोंग मला जमणार नाही."

पहिल्या दोन वाक्यांतच शूवेनबाईंना कळलं असावं. त्या आधी हसल्या. "शिवणकाम?"

"शिवणकाम."

"मी टोपी घालून गेले होते गं! आणि तो म्हातारा म्हणतो, चिठ्ठी राहू दे, आधी सांग, टोपी कुणापासून लपायला घातलीस?" मग त्यांचा आवाज फुटला. "तुझ्यापासून, रुईफांग. तुझी नोकरी मी घालवली."

"नोकरी मी सोडली. माझ्या पायांनी चालत बाहेर आले. त्याचं श्रेय तू घेऊ नकोस."

मी जाऊन दार लावलं. दुपारपर्यंत कुणाचाही फोन आत दिला नाही.

शूवेनबाईंनी त्या महिन्यात आपली माणसं एकेक करून दुसऱ्या समुपदेशकांकडे सोपवली आणि हुआलिएनला बहिणीकडे गेल्या. वर्षभर तिथे त्यांनी पपनसांची बाग सांभाळली. परत आल्या त्या फक्त शिकवायला. समोर कुणाला बसवून ऐकणं त्यांनी पुन्हा केलं नाही, आणि आता ते मोकळेपणाने सांगतात. ते वर्ष रुईफांगबाईंना जड गेलं. त्या माझ्यावर खेकसायच्या, मग सॉरी म्हणायच्या.

काकांच्या पाचही ध्वनिफिती आम्ही पुसून टाकल्या. काका स्वतः त्या पुसायला आले होते. रुईफांगबाईंनी त्यांना वर्गात बसायचं आमंत्रण दिलं. तीन शनिवार आले, मग म्हणाले, "वाचायला फार आहे बुवा." पण आता देवळातून ते माणसंच पाठवतात, आपापल्या पायांनी आणि आपापल्या नावाने. गेल्या आठवड्यात एक जण आला, चिठ्ठी हातातच. म्हणाला, "काकांनी सांगितलंय, अर्थ नंतर. आधी तुमच्याकडे बोलून ये."

मी त्याला पेइहानकडे पाठवलं. ती आता पास झाली आहे.