मास्तर बसला तेव्हा

त्या रविवारी पहाटे मास्तरनं एका गोदामातली ट्रकभर अफू पकडून दिली. माल दारांच्या लाकडी चौकटींचा होता. कागदपत्रं चोख होती, शिपाई कंटाळले होते आणि साहेब परत फिरायच्या बेतात होते. मास्तर एका थप्पीपाशी गेला, नाक वर केलं आणि गपकन बसला. भुंकला नाही की ओरबाडलं नाही. अमली माल सापडला की समोर बसायचं आणि हलायचं नाही, एवढंच त्याला शिकवलेलं. चौकटी कापल्या तर आतून पोकळ निघाल्या, आणि पोकळीत काळे गोळे ठासून भरलेले.

मास्तर म्हणजे तपकिरी, पडक्या कानांचा, सतत कुणाचा तरी गृहपाठ तपासत असल्यासारख्या चेहऱ्याचा कुत्रा. त्याची दोरी धरणारी हवालदार घरात सगळ्यांत लहान. चाळिशी उलटली, कानशिलावर पांढरे केस आले, तरी घरच्यांसाठी ती धाकटीच.

टीव्हीवर बातमी आली आणि लगेच ताईचा फोन. "जेवायला ये. आणि त्याला घेऊन ये. तुझ्यापेक्षा तोच चांगला दिसत होता."

धाकटी पोचली तेव्हा ताई स्वयंपाकघरात होती. दार भावजींनी उघडलं. भावजी शाळेची बस चालवत. त्यांनी तिचं जाकीट घेऊन खुंटीला अडकवलं आणि मास्तरला कडक सलाम ठोकला. "या साहेब. तुमच्या हवालदारीणबाईंना बसायला सांगू का, की उभ्याच राहणार?"

"भावजी, आज तरी माझी थट्टा नको. पहाटेपासून पाणीसुद्धा प्यायले नाही."

"मेहुणीची थट्टा करायची नाही तर काय कुत्र्याची करू? तो चावेल."

ते खुर्चीत टेकले. मास्तर त्यांच्या पायांशी गेला, गुडघा हुंगला, मान वर करून शर्टाचा खिसा हुंगला, आणि बसला.

मास्तरनं वळून धाकटीकडे पाहिलं. शोध लागला की त्याला रबरी चेंडू मिळायचा. त्याच्या पगाराची तेवढीच रीत. तिनं चेंडू काढला नाही.

"बघ, माझ्यासमोर कसा शिस्तीत बसलाय," भावजी हसले. मग तिचा चेहरा पाहून म्हणाले, "अगं, तुझं जाकीट आत्ता हातात घेतलं ना मी. तिथलाच वास."

हे अगदी शक्य होतं. तिला तेच हवं होतं. पहाटे तिनं त्याच जाकिटानिशी चौकटी हलवल्या होत्या. तेवढ्यावर विश्वास ठेवून जेवायला बसता आलं असतं. पण उद्या सकाळी भावजी मुलांनी भरलेली बस घेऊन घाटाच्या रस्त्याला लागणार होते.

ताई हात पुसत बाहेर आली. "काय गं, अशी का उभी?"

"ताई, मास्तर काम कसं करतो ते बघायचंय?"

"टीव्हीवर बघितलं की. पण दाखव."

धाकटीनं ते जाकीट ताईच्या अंगावर चढवलं. दोष जाकिटाचा असेल, तर मास्तरनं ताईसमोर बसायला हवं. ताईला तिनं भावजींच्या खुर्चीत बसवलं, म्हणजे खुर्चीचाही प्रश्न मिटला. भावजींना खिडकीपाशी उभं केलं. मग मास्तरची दोरी सोडली. दोरी हातात असली की धरणाऱ्याच्या मनातलं कुत्र्याला कळतं, आणि आज तिच्या मनात काय होतं ते त्याला कळायला नको होतं. ती स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं आणि आतून म्हणाली, "शोध."

फरशीवर नखं वाजली. खुर्चीपाशी थबकली. ताईचं हसू ऐकू आलं, "गुदगुल्या करतोय मेला." नखं पुन्हा वाजू लागली. देवा, त्याला ताईकडेच परत वळव, असं धाकटीच्या मनात आलं, आणि मास्तरनं चुकावं असं आपण मागतोय हे कळून ती शरमली.

मग आवाज थांबला.

ती बाहेर आली. मास्तर खिडकीपाशी भावजींसमोर बसला होता, नजर त्यांच्या खिशावर. धाकटीनं चेंडू काढून मास्तरला दिला. खरं सांगितल्यावर त्याला फसवता येत नव्हतं.

चेंडूचा अर्थ ताईनं सकाळीच टीव्हीवर पाहिला होता. ती जाकिटाची बटणं काढता काढता थांबली. "अहो?"

भावजींनी खिशातून बामची चपटी डबी काढून टेबलावर ठेवली. आत बाम नव्हता, मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्या होत्या.

"पाठीसाठी आहे," ते म्हणाले. "ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं दिली. सकाळी बसवर चढायच्या आधी एक. त्याशिवाय क्लच दाबला जात नाही गं. कळ थेट टाचेपर्यंत जाते."

"बस चालवायच्या आधी?" धाकटी म्हणाली.

"कधी कुणाला खरचटलंय का माझ्या गाडीत?"

"अजून नाही."

भावजींनी डबीचं झाकण लावलं. "तू मला धरून नेणार?"

"डबी मला न्यावी लागेल, आणि साहेबांना सांगावं लागेल. ते टळत नाही. पण शाळेला आधी तुम्ही कळवलंत तर ती तुमची गोष्ट राहील, भावजी. माझ्याकडून कळलं तर पोलिसांची होईल." तिनं डबी उचलून रुमालात गुंडाळली. "आणि हे एकदम सुटलं की अंग मोडून येतं, औषध लागेल. डॉक्टरांकडे मी येते बरोबर. पुढे जे होईल तिथेही येईन."

"नोकरी जाईल."

"जाईल कदाचित."

टीव्हीवर कापलेल्या चौकटी पुन्हा दाखवत होते. भावजींनी तो बंद केला आणि शाळेच्या बसव्यवस्थापकाला फोन लावला. उद्या येत नाही, पाठ धरलीय, म्हणाले. पलीकडून बरं म्हटलं गेलं असावं, कारण त्यांनी फोन कानावरून काढलाही. मग परत कानाला लावला. "एक मिनिट, साहेब. पाठ आहेच, पण तेवढंच नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत, एकदाही धाकटीकडे न बघता.

फोन ठेवल्यावर ताई उठली. "वळा."

"काय?"

"वळा म्हणते ना."

तिनं त्यांचा शर्ट मागून वर केला. कमरेवर तपकिरी जाळी उमटली होती, रोज रोज शेक बसून कातडीवर पडते तशी.

"हे कशाचं?"

"मुलं शाळेत असतात तेव्हा मी बसमध्ये इंजिनाच्या झाकणावर आडवा होतो. ऊब मिळते."

ताईनं त्या जाळीवर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. "घरी मी होते की," ती म्हणाली. "मला नाही सांगायचं?"