सुनेने आणलेली विद्या

कानाझावाला दोन दिवसांचा वर्ग करून सानाए परतली ती गड जिंकल्याच्या थाटात. चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि सासूला समोर बसवलं.

"आई, आपल्या जपानात पूर्वी एक विद्या होती. नुसते हात ठेवून माणसाला बरं करायची. रेकी म्हणतात. महायुद्धात ती पार बुडाली. आता ती जाणणारं आपल्याकडे कुणी उरलंच नाही म्हणे. अमेरिकेत मात्र लोकांनी जपली. आमचा वर्ग घेणाऱ्या शेरिलबाई ती परत घेऊन आल्यात."

"बरं झालं हो," किनुयो म्हणाली. "चहा टाकू?"

किनुयोला ब्याऐंशी वर्षं झाली होती आणि त्यांतली त्रेसष्ट तिने लोकांवर हात ठेवण्यात घालवली होती. नानाओ बंदरातल्या निम्म्या गल्लीची दुखणी तिच्या तळहातांना ठाऊक होती. दर महिन्याला तिच्याकडे हीच विद्या जाणणाऱ्यांचं मंडळ भरायचं. एके काळी चाळीसजण यायचे. पुढे ती आणि तोफूवाले कुरोसाकी, एवढेच राहिले. यंदाच्या वसंतात कुरोसाकीही गेले.

हे सानाएला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? एकतीस वर्षं त्या मंडळाला चहा तीच देत होती. पण तिच्या लेखी ते आपलं म्हाताऱ्यांचं हात ठेवणं. भाताच्या कोंड्यात मुरवलेल्या लोणच्यासारखं: घरात आहे, वास येतो, आईंच्या मागे बंद करायचं. स्वतःचं डोकं दुखलं की ती गोळी घ्यायची.

आणि किनुयोने आपणहून सांगायची सोय नव्हती. गुरूंचा दंडकच होता: बोभाटा करायचा नाही, कुणाला गळ घालायची नाही, जो आपल्या तोंडाने विचारील त्यालाच द्यायचं. सून तांदूळ किती वेळ भिजवायचे इथपासून सगळं विचारायची. हे एवढं सोडून. आपल्यामागे हे सगळं आपल्याबरोबर जळून जाणार, या विचाराने म्हातारीचा जीव तीळतीळ तुटायचा.

आता सानाएला सरावासाठी माणूस हवं होतं.

"आई, तुम्ही नुसत्या पडून राहा. घाबरायचं नाही हं."

"नाही घाबरत."

"पहिल्या वेळी काहींना रडू येतं म्हणे."

"येऊ दे," म्हणत किनुयो तातामीच्या चटईवर आडवी झाली.

सानाएने कागद उलगडला. बारा जागा, प्रत्येक जागी तीन मिनिटं. उशाशी अंडी उकडायचं घड्याळ. ते वाजलं की हात पुढच्या जागी, मग खाली दुखणं असो की नसो. 'आजच्यापुरता राग नको,' असं किनुयो त्रेसष्ट वर्षं रोज सकाळी हात जोडून म्हणत आली होती. ते कशासाठी, हे तिला त्या दुपारी नीट कळलं.

सानाएचा हात उजव्या बरगडीखाली आला. घड्याळ वाजलं. हात हलेना.

"आई, इथे माझ्या हाताला मुंग्या येतायत. ठणका लागल्यासारखं होतंय. हे काय आहे? कागदात तर नाहीये."

किनुयोने डोळे उघडले. तिथे दोन महिने दुखत होतं आणि ती कुणापाशी बोलली नव्हती. पोरीने ते बिनचूक धरलं होतं. असा हात चाळीसजणांत दोघांचाच होता. आणि पोरीने विचारलंही होतं, आपल्या तोंडाने!

"अगं, आम्ही पूर्वी..."

"आई," सानाए हसली आणि तिचा हात सैल पडला. "हे तुमचं ते हात ठेवणं नव्हे हो. याला शास्त्र आहे. राग नका मानू."

हात उचलला जाऊ लागला. खरं सांगितलं तर ही विद्याही लोणच्याच्या बरणीशेजारी जाऊन बसणार, हे किनुयोला लख्ख दिसलं. आपला मान राखायचा की तिचा हात, एवढंच ठरवायचं होतं.

"तसं नव्हे गं. तुझ्या बाईंनी सांगितलंच असेल, तू विसरली असशील. मुंग्या येतात तिथेच दुखणं. तिथे घड्याळ बघायचं नाही. मुंग्या आपोआप थांबेपर्यंत हात ठेवायचा."

"सांगितलं असेल?"

"दुभाष्याकडून ऐकलंस ना? निम्मं वाटेतच सांडलं असेल."

"असेल बाई. बोलतातही केवढ्या भरभर!" हात पुन्हा टेकला आणि चांगला अर्धा तास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सानाए तिला दवाखान्यात घेऊन गेली. नेमका त्याच जागी पित्ताचा खडा निघाला. मग काय, शेरिलबाईंची थोरवी गल्लीभर झाली! हिवाळाभर सासू बाईंचं 'विसरलेलं' एकेक आठवून देत गेली आणि सुनेचा हात दिवसेंदिवस तयार होत गेला.

नव्या वर्षाला सानाए कागद घेऊन बसली. "आई, बाईंना आभाराचं पत्र धाडायचंय. मानाची भाषा तुमच्यासारखी मला कुठली जमायला? तुम्ही सांगा, मी लिहिते. आमच्या घरात कुणालाच हे येत नव्हतं, असं लिहू ना?"

"असं उघडंवाघडं नको," किनुयो म्हणाली. मग एकेक शब्द तोलून तिने सांगितलं, "लिही. आमच्या या अंधाऱ्या घरात ही विद्या जाणणारं कुणीही नव्हतं. ती आपल्या कृपेने आली."

"वा! 'कुणीही नव्हतं'... इथवर झालं. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," किनुयो म्हणाली. "पुढे लिही."