पाचव्या ट्रॅकवरची रत्नम्मा

मल्लेशनं पेनड्राइव्ह स्पीकरला लावला आणि घरातली माणसं रडायला लागली.

रत्नम्माला जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी तिचं पहिलं पुण्यस्मरण. मांडवात तिनंच गायलेलं कन्नड भजन लावायचं, असं लेकीनं, सिद्धेश्वरीनं ठरवलं होतं. रत्नम्माचा नवरा भीमाशंकर, त्याचा भवानी पेठेत रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता, तेव्हाचं ते भजन. आठ ट्रॅकच्या डिजिटल टेप मशीनवर त्यानंच घेतलेलं. व्हिडिओ कॅसेटसारखी कॅसेट, तिच्यावर आठ आवाज वेगवेगळे, पाचव्या ट्रॅकवर रत्नम्मा. पुढं स्टुडिओच्या जागी मोबाइल कव्हरचं दुकान आलं आणि मशीन माळ्यावर गेलं. भाचा मल्लेश म्हणाला, मामा, कॉम्प्युटरवर उतरवून देतो. घेऊन गेला, आणि आज हे.

"रत्नीच की गं," मेहुणी सुंदरम्मा पदर डोळ्यांना लावून म्हणाली.

भीमाशंकरनं उठून स्पीकर बंद केला.

"ही रत्नम्मा न्हाय."

सुंदरम्मानं पदर खाली घेतला.

"चिमणी चिवचिवल्यागत आवाज हाय. तिचा आवाज असला होता व्हय? आणि तुमी रडताय कशावर? शेजारणीचा आवाज लावला असता तरी रडला असता."

"मामा, टेपवर जे हाय तेच उतरवलंय," मल्लेश म्हणाला. "फक्त सुरवातीचा खडखडाट काढलाय."

"तू काय उतरवणार? बेसुऱ्याला सुरात आणून पैसे घेणारा माणूस तू."

मल्लेशच्या स्टुडिओची त्याला मनापासून किळस होती. एक लॅपटॉप, दोन दिवे आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतभर चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. लिंगायताच्या घरात अंड्यांचे ट्रे! तिथं वरातीची गाणी तयार होत आणि तयार करणारा स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेई. भीमाशंकरच्या मते त्याचे कान फक्त बाळी घालायच्या लायकीचे होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं मशीन परत आणायला लावलं आणि जेवणघरातल्या टेबलावर मांडलं. मल्लेश तिथंच बसून राहिला. त्याला कुणी जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही.

आधी संशय मल्लेशच्या कॉम्प्युटरवर. टेप एका वेगानं वाचायची आणि कॉम्प्युटरनं दुसऱ्या वेगानं वाजवायची, की आवाज पातळ होतो. भीमाशंकरनं कॉम्प्युटर बाजूलाच ठेवला आणि हेडफोन थेट मशीनला लावला. आवाज तसाच, पातळ.

मग झाकण उघडलं. टेप वाचणारे हेड स्पिरिटनं पुसले. घाणीनं आवाज तुटतो, चढत नाही, हे त्याला माहीत होतं, तरी पुसले. त्याच काळातली दुसरी टेप लावली. ती नीट वाजली.

"मशीन चांगलं हाय मामा," मल्लेश म्हणाला.

"मशीनला काय झालंय? रेकॉर्ड करतानाच कुणीतरी पिचचं बटण फिरवलं असणार. भजनी मंडळातली माणसं कशालाबी हात लावायची. बेअक्कल सगळी."

"मग हार्मोनियमबी चढेल की. ती ऐका."

"त्या हार्मोनियमची पट्टी आता कुणाला पाठ हाय? मंडळ मोडलं, पेटी कुणी विकली काय माहीत."

त्यानं बटण फिरवून पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली आणायला सुरुवात केली. मशीनच्या काचेवरचे आकडे शून्यावरून उणेत गेले. आवाज जड झाला, भरीव झाला, शब्दाच्या शेवटी थोडा घोगरा. भीमाशंकरचा हात थांबला. हीच. हाच आवाज त्याला पाणी मागायचा, पंखा बंद करा म्हणायचा, जेवलात का म्हणायचा.

त्यानं सिद्धेश्वरीला हाक मारली आणि हेडफोन दिला. "ही तुझी आई. कालची न्हवं."

तिनं बराच वेळ ऐकलं. "अप्पा, आई एवढं जड कुटं गायची?"

"तुझे कान सासरी जाऊन बिघडले."

"कान माझे बिघडले की..." तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

या अडाण्यांना पुरावा दाखवावा लागणार होता. आणि पुरावा टेपवरच होता. रत्नम्माची एक खोड होती. रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी देवघरातली घंटी माइकसमोर वाजवायची, मग गायचं. भीमाशंकर वैतागायचा, टेप वाया जातेय म्हणायचा. ती ऐकायची नाही. मल्लेशनं खडखडाट म्हणून कापून टाकली होती ती हीच घंटी.

"घंटी काय म्हातारी होत न्हाय," भीमाशंकर म्हणाला. "आता ऐका. गाढवालासुद्धा कळंल."

त्यानं देवघरातून घंटी आणली, टेप मागं नेली आणि हेडफोनऐवजी स्पीकर लावला. पिच त्यानं खाली आणलं होतं तिथंच ठेवलं. टेपवरची घंटी वाजली. मग त्यानं हातातली वाजवली.

टेपवरची घंटी पातेल्यावर डाव आपटल्यासारखी वाजत होती.

त्यानं पिच थोडं वर केलं. परत वाजवली. दोन आवाज एकमेकांत घुसून थरथरत होते. अजून वर. थरथर कमी झाली. अजून वर. मग दोन घंट्यांची एकच घंटी झाली.

त्यानं काचेवर बघितलं. शून्य.

त्यानं मशीन बंद करून परत चालू केलं. परत वाजवली. शून्यच.

मल्लेशला टोमणा मारायला हीच वेळ होती. तो स्पिरिटच्या बाटलीचं बूच लावत बसला. त्याचं ते न बोलणं भीमाशंकरला सगळ्यात जास्त झोंबलं.

"शेवटी आईचा घसा बसला होता, अप्पा," सिद्धेश्वरी हळू म्हणाली. "आजारपणात घशात नळी घातल्यापासून. तुमी रातदिस तिच्याजवळ होता. तोच आवाज कानात राहिला तुमच्या."

"मला शिकवू नको," तो म्हणाला. पण त्यात जोर नव्हता.

टेप पुढं चालू होती. घंटीनंतर ती पातळ आवाजाची बाई गायला लागली. स्टुडिओच्या काचेपलीकडं बसून हा आवाज त्यानंच टेपवर घेतला होता. त्याच आवाजाशी त्यानं संसार केला होता. आणि आता ती कोण, हे त्याला एका घंटीला विचारावं लागलं होतं. दुसऱ्यांच्या कानांना नावं ठेवत बसलेला भीमाशंकर त्याला समोर दिसला, आणि या घरात याच्याइतका भिकार कान कुणाचा नाही, असं त्याला वाटलं.

"मल्ल्या."

"काय मामा?"

"परत उतरव. घंटी कापू नको."

"बरं."

"आणि पिचला हात लावू नको."

"न्हाय लावत."

रविवारी मांडवात घंटी वाजली, मग आवाज आला. सुंदरम्मा रडली, सिद्धेश्वरी रडली, जेवायला आलेले लांबचे पाहुणेही रडले. भीमाशंकर स्पीकरजवळ खुर्ची ओढून बसला होता. त्याला रडू येत नव्हतं. नव्या माणसाचं बोलणं नीट कळावं म्हणून पुढं वाकतात, तसा तो वाकला होता.

भजन संपलं. पंगतीला बोलावणं आलं.

"परत लाव," तो म्हणाला.