डागवाली

बारा वर्षं मी आमच्या मालकांचं नाव घेतलं नव्हतं, लग्नातला उखाणा तेवढा सोडून. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नसते. मालक मात्र दर रविवारी सकाळी नऊच्या खेळाला जायचे आणि घरी येऊन दुसऱ्याच बाईचं नाव घ्यायचे. डागवाली.

मालक वाळूजला कंपनीत. तिथंच जवळ आमची पत्र्याची खोली. शहरातल्या एका जुनाट टॉकीजात रविवारी सकाळी सडके पिक्चर लागायचे. भूत, जंगल, ओल्या साड्या आणि शेवटी बाईचा मुडदा. बायामाणसांनी तिकडं फिरकायचं नाय. त्यातला एक जुना पिक्चर दोन-तीन महिन्यांनी फिरून यायचा. त्यात एक बाई नदीत आंघोळ करते, पाठमोरी. कमरेच्या वर तीन काळे डाग. मागनं भूत येऊन तिला पाण्यात ओढतं आणि टॉकीजभर शिट्ट्या वाजतात.

"आज पंधरा शिट्ट्या," मालक भाकर मोडता मोडता सांगायचे. "पाठ हाय का काय! नायतर तू. पोत्याला पदर लावल्यावानी."

मी गप भाकरी थापायची. कारण ती पाठ माझी हाय.

लग्नाच्या दोन वर्षं आधी मी वेरूळच्या डोंगराखाली बापाची मेंढरं राखत होते. मुंबईची शूटिंगवाली माणसं आली. त्यांच्या हिरोईनला पाण्याचा गारठा सोसंना. त्यांचा मॅनेजर मला म्हणाला, तोंड दिसणार नाय, नुसती पाठ, नवं लुगडं देतो. माझ्या पाठीवर डाग होते. सहा वर्षांची असताना कावीळ झाली, तवा बापानं तापल्या विळ्यानं डागलं होतं. त्यांनी वर पावडर फासली, ती पाण्यात धुऊन गेली.

हे मालकांना सांगितलं असतं, तर मला त्याच पावली माहेरच्या मेंढरांत हाकललं असतं. पण आता सांगायला लाज वाटती, तवा आतनं एकच वाटायचं. त्यांनी आपण होऊन वळखावं. बारा वर्षं एका गोधडीत निजतो, एकदा तरी म्हणावं, बाने, ही तर तूच की गं. लई वाटायचं.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरनं शहर तापलं होतं. एका रविवारी बंद पुकारला. टॉकीज बंद, रस्त्यावर पोलीस. कंपनीत मालकांच्याच लाइनीवर काम करणारा कचरू आमच्याकडंच अडकला. बाहेर एका नावासाठी माणसं जीव द्यायला निघालेली, आणि हे दोघं आमच्या खोलीत खेळ बुडाला म्हणून हळहळत बसलेले.

"मल्हारी, आज तुझी डागवाली कोरडीच राहिली," कचरू म्हणाला.

"तशी एखादी भेटली असती, तर ही म्हैस कशाला गळ्यात बांधून घेतली असती?" मालक म्हणाले. मी चुलीशीच होते.

माझं डोकं फिरलं. "भेटली की तुम्हाला. बारा वर्षं झाली."

"काय बरळती?"

"ती मीच हाय."

मालक पोट धरून हसले. "कचरू, हिला आरसा दे रं."

मी पाठ फिरवली आणि पदर बाजूला केला. हसणं थांबलं.

"मल्हारी," कचरू हळूच म्हणाला, "तेच हायेत." मग खाली मान घालून त्यानं चपला घातल्या आणि तसल्या बंदात निघून गेला.

परक्या माणसानं एका नजरेत वळखलं. नवऱ्याला तरीबी पटंना. मला दारापाशी उजेडात ओढलं, थुंकी लावून डाग घासून बघितले. माझी पाठ त्यानं उजेडात बघितली ती त्याच दिवशी. मग त्याच पाठीवर कमरेचा पट्टा ओढला.

"किती जणांनी बघितलं तुला?"

"तुमच्या शेजारी कोण कोण बसतं, ते तुम्हालाच ठावं," मी म्हणलं. त्यावर अजून चार बसले.

कचरूच्या तोंडात तीळ भिजत नाय. आठ दिवसांत कंपनीभर झालं. पिक्चर फिरून लागला तवा अख्खी लाइन टॉकीजला गेली. मला वाटलं, हा आता घरी बसंल. कशाचं काय. आठलाच भांग पाडून निघाला. परत आला तवा तोंडावरची माशी हलत नव्हती.

अजून जातो. बघवत नाय आणि गेल्याबिगर राहवत नाय. डाग दिसले की मागच्या रांगेतनं कुणीतरी वरडतं, "मल्हारी, वहिनी बऱ्या हायेत का?" हे मला कचरूच्या बायकोनं सांगितलं. आता तो मला म्हैस म्हणत नाय, मारत नाय, हात बी लावत नाय. बारा वर्षं ज्यासाठी जीव तुटला, ते वळखणं त्यानं एकदा केलं आणि सोडून दिलं.

मला त्याची दया येत नाय. त्या पिक्चरच्या रविवारी तो आला की ताट वाढते, समोर बसते, पहिला घास तोंडात जाईस्तोवर थांबते.

"मल्हारी," मी म्हणते, "आज शिट्ट्या किती?"