डोमाचा खिसा

रुखमिणीने स्टूल उचललं, थेट गाडीच्या बॉनेटपाशी आणून ठेवलं आणि पर्स मांडीवर घेऊन बसली. नाकाडोंगरीच्या त्या पत्र्याच्या गॅरेजात गिऱ्हाइकं बाहेर लिंबाखाली बसत. पण निघताना नवऱ्याने बजावलं होतं, "गुड्डीची माय, त्या डोमा मिस्त्रीवर नजर ठेवजो. मी तं म्हनतो, नेऊच नोको गाडी. खोलली का बिघडवते तो."

सेवकरामचं हे नेहमीचंच होतं. बॉनेटला दुसऱ्याचा हात लागलेला त्याला खपायचा नाही. गाडीचं सगळं मीच पाहतो म्हणायचा. दोन वर्षांमागे तोंडात फोड आले तेव्हापासून तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला, असंही म्हणायचा.

पण आज इलाज नव्हता. खाणीवरच्या बेचाळीस मजुरांना रुखमिणी रोज दुपारचे डबे पोचवायची, याच बावीस वर्षांच्या पांढऱ्या गाडीतून. दोन वर्षांपासून ती फटफट करायची. अलीकडे इंजिनाचा धूर गाडीत शिरायला लागला होता, आणि गाडीतून डब्यांत. काल शनिवारी मुकादमाने सांगून टाकलं, "बाई, वरनाले धुराचा वास येऊन राहिला. सोमवारी बी आला तं आमी दुसरं पाहू."

दुसरं म्हणजे यादोराव आणि त्याचा नवा कोरा ऑटो. हा यादोराव डोमाचा साळा. आत्ता तो गॅरेजच्या दारात चहा पीत उभा होता, कामधंदा नसल्यासारखा.

"चूल लिंपाची सोडून आल्या का, काकू? रविवारी तं तुमचा बोडीतल्या गाळमातीचा कार्यक्रम राहते."

"माती कालवून ठेवली हाये, धानाचं तूस बी टाकलं. तुले हौस असन तं जाय लिंपाले."

तेवढ्यात बॉनेटखाली कट् झालं. वाळकी तुराटी मोडावी तेवढाच आवाज.

"तुटला," डोमा म्हणाला.

"तुटला का तोडला?"

डोमाने तो तुकडाच तिच्या तळहातावर ठेवला. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. एक टोक इंजिनात रुतलेलं, दुसऱ्यावर नट. धूर बाहेर नेणारा लोखंडी पाइप अशा स्टडांवरच आवळलेला असतो. "पाहा जी काकू. अर्धा काळा हाये, अर्धा चमकते. काळा तो जुना तडा. चमकते तेवढाच आज तुटला."

"अन् काळं तूच फासलं नसन कशावरून?"

डोमा हसला नाही, चिडलाही नाही. याचाही तिला संशय आला. मग दुसरा तुटला.

यादोरावाने कप ठेवला. "उद्याचे डबे माह्या ऑटोत टाकून द्या, काकू. मी कायले हाओ?"

"तेच तं पाहून राहिली मी, तू कायले हाएस ते."

तिसरा नट कोपऱ्यातला. डोमाने पाना नुसता टेकवला, जोर लावलाच नाही, आणि काहीतरी त्याच्या हातात आलं. त्याने तळहाताकडे पाहिलं. मग रुखमिणीकडे. मग पाठ फिरवून ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि वरून बटण लावलं.

रुखमिणीने पर्स घट्ट धरली. इंजिनातला चांगला माल काढला मेल्याने! ती ओरडणार होती, पण गाडी खुली पडलेली. आता भांडलं तर गाडी इथेच राहणार आणि उद्या डबे ऑटोत जाणार. तिची नजर मात्र त्या बटणावरून हलली नाही.

पाइप निघाला. आत रुतलेल्या थोटकावर डोमाने नवा नट ठेवून वेल्डिंग मारलं. लोखंड लाल झालं. मग त्याने मारुतीच्या फोटोपुढची अर्धी मेणबत्ती आणली.

"हे काय? उतारा टाकून राहिला का गाडीवर?"

"मेन पातळ होऊन आट्यात उतरते, काकू. जाम सुटते." त्याने पाना लावला. पाव फेरा सोडवायचा, पुन्हा तेवढाच आवळायचा. "जोर केला तं आतच तुटन. मंग ड्रिल. अन् ड्रिल तिरपी गेली तं इंजिनाचं हेडच भंगारात."

दारातला यादोराव दोन पावलं आत सरकला. रुखमिणी दोघांकडे पाहत राहिली. बिघडवायचीच असेल तर डोमाला एक झटका पुरे होता. पण त्याच्या नाकावरून घाम टपकत होता आणि हात मात्र लहान लेकराच्या कानातलं काढावं तसा चालत होता. स्टड कुरकुरत बाहेर आला. तासाभरात तिन्ही आले. यादोराव कुणालाही न सांगता निघून गेला.

नवे स्टड, नवं पॅकिंग. चार वाजता किल्ली फिरली आणि गाडी शिलाई मशीनसारखी चालू लागली. धूर नाही, गावभर ऐकू जाणारं ते फटफट नाही.

रुखमिणी जागची उठली नाही. "खिसा दाखव."

"राहू द्या न, काकू."

"दाखव म्हनतो मी."

डोमाने बटण काढलं. स्टडचा बोटभर तुकडा, त्यावर नट, आणि बुडाला खापरासारखी भाजलेली मातीची गोळी. "हा जुनाच तुटला होता जी. कोनंतरी भोकात माती भरून वरून बसवून देला. दिसाले साजरा." तो दुसरीकडे पाहत म्हणाला, "साळ्यासमोर काहून काढाचं, म्हटलं. घरची गोष्ट हाये."

रुखमिणीने गोळी उजेडात धरली. मातीवर बारीक बारीक होडीसारखे खळगे होते. तूस जळून गेलं होतं, त्याची जागा तेवढी उरली होती. बोडीच्या तळ्यातली माती, धानाचं तूस. दर रविवारी ती स्वतःच्या हाताने कालवायची तीच.

तिने ती नटासकट पर्समध्ये टाकली. मग म्हणाली, "चहा पेशीन का, डोमा? मी सांगतो."

गाडी अंगणात शिरली तरी सेवकरामला कळलं नाही. कळणार कसं? दोन वर्षं फटफट ऐकून तो सावध व्हायचा. आज ओट्यावर मांडी घालून निवांत प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घासत बसला होता.

तिने नटासकट ती गोळी त्याच्यासमोर ठेवली. त्याने गोळीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "त्या डोमानं..."

"डोमानं दिवसभर खिशात झाकून ठेवलं ते. बटन लावून." तिने पन्नीसाठी हात पुढे केला. "माती कालवलेली पडली हाये. उठा, चूल लिंपा. तुमचा हात चांगला बसला हाये. बेचाळीस डबे हायेत उद्या."